अधांतरी हात

पेणच्या गणपती कारखान्यांत वाद बारमाही असतात, पण ते बहुतेक पैशांचे: शाडूचा भाव, कारागिरांची मजुरी, व्यापाऱ्याकडे अडकलेली बाकी. खालचा वाद त्यातला नाही. या वादातली दोन माणसं मी रचली आहेत. त्यांच्या तोंडचे मुद्दे मात्र पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात मूर्तीजवळ बसलेल्या कुणालाही ओळखीचे वाटावेत. मामा जन्मभर साचे करत आलेला. भाची रोह्याची, मुंबईत उपयोजित कला शिकून परत गावी आलेली. धाटावच्या कारखान्यांची माहितीपत्रकं, पापड-पोह्यांची लेबलं, दुकानांच्या पाट्या, मिळेल ते काम करते. निडी, नागोठणे, कासू करत गाडीनं ती पेणला आली तेव्हा तिच्या मांडीवर बुटांचं खोकं होतं. खोक्यात ओल्या मातीचं, वीतभर उंचीचं मॉडेल. गणपती पुढे झुकलेला, उजवा हात लांब केलेला, तळव्यावर मोदक, समोर पाटावर उंदीर. हाताला खाली कसलाही आधार नाही.

मामा: छान आहे. हात तुटणार.

भाची: तू नीट बघितलंसुद्धा नाहीस.

मामा: हात बघितला की. शाडू आहे ही, बये. वाळताना आकसते. खांदा जाड, मनगट बारीक. बारीक भाग आधी वाळतो, जाड आतून ओलाच राहतो, आणि मधे कुठेतरी चीर पडते. नाही पडली तर टेम्पोत पडेल.

भाची: आत तार घालू.

मामा: माती आकसेल, तार आकसणार नाही. म्हणजे चीर आणखी लवकर. आपला नेहमीचा गणपती कसा बसलेला असतो बघ. मांडी घातलेली. मागचे दोन हात कोपरात दुमडून वर, लोडाला नाहीतर कानाच्या पाळीला टेकलेले. पुढचा एक हात गुडघ्याशी, दुसरा पोटाजवळ मोदक धरून. सोंड पोटावर विसावलेली. एक तरी अवयव हवेत आहे का? सगळं एकमेकांना धरून आहे. तू आधी असे शंभर कर. मग हात लांब कर.

भाची: शंभर केल्यावर हात लांब करायची इच्छा उरेल? तू तर हजारो केलेस. एकदा तरी लांब केलास?

या प्रश्नावर मामानं पाण्याचा तांब्या शोधला. मलाही हा प्रश्न नुसता पोरकट वाटत नाही. ‘आधी नियम शिका, मग मोडा’ असं आपण शिकणाऱ्याला बजावतो, पण या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची तारीख कुणीच सांगत नाही. ते बजावणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी स्वतः काहीही मोडलेलं नसतं.

मामा: केला होता. प्लास्टरमध्ये. नाचणारा, एका पायावर उभा, बासरीवाला, सगळे केले. प्लास्टर दहा-पंधरा मिनिटांत धरतं, आतून पोकळ, वजनाला हलकं, वर काथ्या घातला की हात कुठेही न्या. रबराचा साचा आला तेव्हापासून तर अडकण्याचीही भीती गेली. पूर्वी खोबणीत साचा अडकायचा, सुटताना बोट घेऊन यायचा.

भाची: मग तेव्हा नियम कुठे गेले होते? शंभर मांड्या घातलेले गणपती करून मग नाचणारा केलास, की राजस्थानातून पोती आली आणि दुसऱ्याच दिवशी नाचायला लावलास?

मामा: (हसून) दुसऱ्याच दिवशी.

भाची: म्हणजे तू ज्याला नियम म्हणतोस तो मातीचा स्वभाव आहे. माती बदलली, नियम गेला.

मामा: आणि माती परत आली तेव्हा? केंद्रीय प्रदूषण मंडळानं 12 मे 2020 ला प्लास्टर नको म्हटलं. 2025 च्या जानेवारीत हायकोर्टानं ते कडक पाळायला लावलं, जूनमध्ये मूर्ती करायला-विकायला मोकळीक दिली, पण नदी-समुद्रात परवानगीशिवाय विसर्जन नाही म्हणाले. या ओढाताणीत इथली कितीतरी पोरं शाडूकडे वळली. प्लास्टरवरच वाढलेली पोरं. फिनिशिंग झकास, स्प्रेगन झकास. पण शाडू थापायला बसवली तर बोटांना जाडी कळत नव्हती. साच्यात एकीकडे पातळ, एकीकडे गठ्ठा. नाचणाऱ्या गणपतीचाच साचा घेऊन शाडू भरायला गेले. पाय घोट्यातून गेले. त्यांना नियम मोडता येत नव्हता असं नाही, तो होता हेच ठाऊक नव्हतं.

इथे मामाचं पारडं जड झालं. प्लास्टरनं कारागिराला मोकळीक दिली, आणि ती इतकी सहज दिली की मिळालेल्याला ती मोकळीक वाटलीच नाही. मूर्ती अशीच असते असं वाटलं. भावनगरकडून येणारी शाडू पुन्हा हातात आली तेव्हा जुन्या बैठकीमागचं कारण पहिल्यांदाच उघड झालं. ज्यांनी ते आधी अनुभवलं होतं ते निभावून गेले.

भाची: बरं, मातीचं मान्य. पण तुझ्या नियमांत मातीपेक्षा इतरच जास्त आहे. गणपतीच्या हातात मोदकच का?

मामा: का म्हणजे? मोदकच.

भाची: अथर्वशीर्ष तू रोज म्हणतोस. चार हात, पाश, अंकुश, तिसऱ्यात काय?

मामा: (ओठांतल्या ओठांत म्हणून बघतो) …दात.

भाची: आणि चौथा वर देणारा. मोदक कुठेच नाही. रंग लाल सांगितलाय. तू गुलाबीसर करतोस. वस्त्र लाल, तू पिवळा पितांबर नेसवतोस. म्हणजे शास्त्र केव्हाच मोडलं आणि त्याला रूढी नाव दिलं. मग मी एक हात लांब केला तर आकाश का कोसळतं?

मामा: मोदकाचा गणपती मी नाही आणला. वडील करायचे, आजोबा करायचे.

भाची: त्यांच्याही आधी कुणीतरी पहिल्यांदा केला असेलच ना?

पुराणांत आणि शिल्पग्रंथांत गणपतीची अनेक ध्यानं आहेत, मोदकाचीही आहेत; तेव्हा मोदक हा काही पेणचा शोध नव्हे. पण भाचीचा रोख चुकत नाही. आपण जिला परंपरा म्हणतो तिच्यात वेगवेगळ्या वयाच्या गोष्टी एकाच पाटावर बसलेल्या असतात. अंगाच्या त्या मानवी गुलाबी छटेचंच घ्या. राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या रंगीत चित्रांनी घरोघरच्या देवांना माणसासारखी कांती दिली. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही नवलाई आज इतकी सनातन झाली आहे की लाल गणपती केला तर गिऱ्हाईक म्हणेल, हे काहीतरी नवीनच.

मामा: तुझ्या कॉलेजात मापं शिकवली असतील ना?

भाची: ती मी नंतर स्वतः वाचली. ताल म्हणतात. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, त्याची बारा अंगुळं. मोठ्या देवांना नऊ-दहा ताल उंची, गणपतीला पाच.

मामा: आम्ही डोकं आधी करतो आणि बाकी सगळं त्याच्या मापात बसवतो. पाच का किती, मोजलं नाही कधी.

भाची: तेच ते.

मामा: तेच कसं? मंडळाचा दहा फुटी करताना मी डोकं मोठं घेतो. मुद्दाम. खालून बघणाऱ्याला पोट जवळ आणि डोकं लांब. मापात केलं तर गणपती टाचणीसारखा दिसतो. थोडा पुढेही झुकवतो. तुझ्या पुस्तकात असेल पाच. पाच करून डोळ्याला सहा दिसतं, म्हणून मी चाराकडे जातो. बघ, मोडला की नाही? पण कुठून बघणार आहेत ते कळल्यावर मोडला.

भाची: आणि तो पुष्पासारखा गणपती? तो कुठून बघणार आहेत ते कळल्यावर केलास?

मामा: ते वेगळं. गिऱ्हाईक मागतं.

या ‘वेगळं’वर थोडं थांबायला हवं. ‘जय मल्हार’ मालिका जोरात होती तेव्हा खंडोबाच्या वेषातले गणपती आले, नंतर बाहुबलीसारखे, 2022 मध्ये पुष्पासारखे. त्यावर टीका करणारे म्हणतात की परंपरा मोडली. बैठक, तोल, साचा बघितला तर काहीच मोडलेलं नसतं. धड तेच, पोशाख बदललेला, एखादा हात हनुवटीखाली नेलेला. या मूर्ती मला बंडखोर वाटत नाहीत, उलट कमालीच्या आज्ञाधारक वाटतात. फक्त आज्ञा शास्त्राची नाही, पडद्याची असते. नियम मोडण्याचा सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे एका धन्याची चाकरी सोडून दुसऱ्याकडे जाणं, आणि तो दरवर्षी श्रावणाच्या आधी बाजारात येतो.

मामानं विषय बदलला. आणि तिथेच त्याला खरा मुद्दा सापडला.

मामा: तुझी कामं कशी चाललीत?

भाची: विचारू नकोस. वाढदिवसाच्या फ्लेक्सची अक्षरं बघितलीस? फ्रेम भरायची म्हणून नाव आडवं ताणतात. ताणलं की उभे दांडे जाडजूड होतात आणि शिरोरेषा तेवढीच बारीक राहते. अक्षराचं जाड-बारीक बोरूच्या कापावरून ठरलेलं असतं, ते उगाच नसतं. मात्रा शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर. वर सावली, वर सोनेरी कडा. म्हणतात, क्रिएटिव्ह केलंय.

मामा: मग करू दे की. मोडतायत नियम.

भाची: माहीत असून मोडत नाहीत ना ते! कमल शेडग्यांनी नाटकांची नावं लिहिली तेव्हा अक्षरं वाकवली, फोडली, टोकदार केली. पण वाकवलेलं अक्षरसुद्धा लांबून वाचता येतं, कारण कुठलं वळण काढलं तर अक्षर मरतं ते त्यांना ठाऊक होतं. सुलेखनकार अच्युत पालवांनी आधी मोडीचा अभ्यास केला. मोडीत पानभर रेघ आधी ओढतात आणि अक्षरं नंतर तिच्याखाली लिहितात. देवनागरीत बहुधा उलट. त्या अभ्यासातून त्यांनी मोडी आणि देवनागरीची मुक्तलिपी काढली. असंच नाही काढली.

मामा: म्हणजे अक्षरांत तू माझ्यासारखी बोलतेस आणि गणपतीत त्या फ्लेक्सवाल्यांसारखी.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. आपल्या धंद्यात प्रत्येकाला नियम दिसतात. दुसऱ्याच्या धंद्यात त्याच जागी आडमुठेपणा दिसतो. मला वाटतं, हा वाद नव्या-जुन्याचा कमी आणि जवळ-लांबचा जास्त आहे.

भाची: पण सगळेच नियम सारखे नसतात, एवढं तरी कबूल कर. पापडाच्या पाकिटावर चौदा आकडी परवाना क्रमांक आणि हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका यायलाच हवा, तो कायदा. ताणलेलं अक्षर वाईट दिसतं. तो डोळ्याचा नियम. आणि पाकिटावर मोकळी जागा दिसली की मालक म्हणतो, इथे फोटो टाका, पैसे दिलेत ना जागेचे. ती नुसती भीती. तुझ्याकडे पण या तिन्ही गोष्टी एकाच फडताळात ठेवल्यायत.

मामा: माझ्या फडताळात चौथी पण आहे. पाट. लोक आधी पाट आणून देतात. गणपती पाटाच्या आत मावला पाहिजे. तुझा हात पाटाच्या बाहेर येतोय. घरी नेताना दाराच्या चौकटीला लागेल, रिक्षात गुडघ्याला लागेल. भंगलेली मूर्ती बसवतात का कुणी? मग चतुर्थीच्या सकाळी माझ्या दारात माणूस उभा.

भाची: हे तू आधी का नाही सांगितलंस? नुसतं ‘तुटणार’ म्हणालास.

मामा: आम्हाला कुणी सांगितलं होतं? मोडायची मूर्ती, मार बसायचा, मग कळायचं.

कारखान्यांतल्या शिकवण्याची ही खरी उणीव. नियम हातात उतरतो, तोंडात येत नाही. त्यामुळे शिकणाऱ्याला तो हुकमासारखा ऐकू येतो आणि हुकूम म्हटला की तो मोडण्यातच मर्दुमकी वाटते. कला महाविद्यालयांत उलटा दोष: नियम तोंडात असतो आणि हाताला पत्ता नसतो.

भाची: ससवण्याचे करमरकर घे. घरी गणपती करायचे, मग शिकले, मग…

मामा: बघ! घरी गणपती करायचे. आधी साचा.

भाची: आणि सापडले कशामुळे? गणपतीमुळे नाही. गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराज काढले होते, ते कलेक्टर ऑटो रॉथफील्डनं बघितले आणि पोराला जे. जे. त पाठवलं. भिंतीवर चित्र काढताना कुणाकडे शिकले होते?

शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर, जन्म 1891, आपल्याच रायगड जिल्ह्यातले. दोघांनाही ते आपल्या बाजूचे वाटतात, आणि दोघांचंही काहीसं खरं आहे. घरच्या मूर्तिकामात मातीची सवय झाली, भिंतीवर धिटाई झाली, जे. जे. आणि पुढे लंडनमध्ये शरीराचा अभ्यास झाला. 1928 मध्ये पुण्यात उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा या सगळ्याच्या नंतरचा. ससवण्याच्या त्यांच्या घरी आज जे शिल्पसंग्रहालय आहे, तिथे गावची माणसं आणि जनावरं बघत फिरलं की एक गोष्ट जाणवते: देवाच्या बैठकीतून ते पूर्ण बाहेर पडले, पण वजन जमिनीवर कसं उतरतं याबद्दल कुठेही बेफिकीर झाले नाहीत. क्रम मात्र ‘आधी नियम, मग मोडणं’ असा सरळ लागत नाही. धिटाई आधीच होती, आणि तिला पेलायला शिक्षण मागून आलं. माझं स्वतःचं मत यामुळेच मामाकडून थोडं सरकलं. इच्छा आधी असावी, निदान चुकीच्या वेळी तरी असावी. नियमांनी तिचं काय करायचं ते नंतर ठरतं.

भाचीनं मॉडेल उलटसुलट फिरवलं. उंदीर उचलला, तळहाताखाली ठेवून बघितला.

भाची: उंदीर मागच्या पायांवर उभा केला तर? मोदक घ्यायला वर झेपावलेला. हात त्याच्या डोक्यावर टेकेल. मग अधांतरी कुठे राहिला?

मामा: उंदराचे पाय काडीएवढे. तो आधी तुटेल.

भाची: शेपटी खाली टेकवते. तिसरा पाय झाला.

मामा: शेपटीपण काडीच. (मॉडेल हातात घेतो.) त्याच्यापुढे मोदकांची रास कर. उंदीर राशीवर पोट टेकून चढलाय. सगळं वजन राशीवर. आणि हात कोपरात थोडा दुमड, म्हणजे पाटाच्या आत येईल. शेल्याचं टोक दंडाखालून आण, तिथे माती जाड ठेवता येईल.

भाची: शेला दंडाखाली आणला तर झुकलेला वाटणार नाही. पाठीकडून आणते, काखेत जाड ठेवू.

मामा: चालेल. वाळायला दिवस लागतील. सावलीत, आणि हाताला ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं, म्हणजे खांद्याच्या आधी वाळणार नाही.

भाची: हे ओल्या फडक्याचं आज पहिल्यांदा बोललास.

मामा: आज पहिल्यांदा कुणी हात लांब केला. पण एक राहिलं. डोळे. हा उंदराकडे बघतोय.

भाची: मग कुठे बघेल?

मामा: माणसांकडे. आरती करणाऱ्याकडे देव बघत नसेल तर तो घरी कोण नेईल? बाकी सगळं तुझं घेतो, हे नाही. आखणी मी करणार आणि नजर समोर काढणार.

भाची: नजर समोर काढलीस तर तो मोदक देताना फोटो काढून घेतल्यासारखा दिसेल. आणि आरतीला पुढे कोण असतं? पोरं, टाळ घेऊन, खाली मांडी घातलेली. गणपती चौरंगावर. उंदराच्या रोखानं नजर पुढे गेली की सरळ पोरांवर पडते.

मामा: मूर्ती पोरं विकत घेत नाहीत.

भाची: घरात हट्ट कोण करतं?

मामानं कुंचला कानामागून काढला आणि परत ठेवला. माझ्या मते इथे मामा बरोबर आहे. नजर हा मातीचा नियम नाही आणि बाजाराची भीतीही नाही. दहा दिवस ज्याच्याशी बोलायचं तो आपल्याकडे बघतोय, एवढ्यासाठी तर मूर्ती आणायची. पण मी गिऱ्हाईक आहे, मूर्तिकार नाही.

भाची: दोन काढ. एकावर तुझे डोळे, एकावर माझे. दोन्ही पुढच्या फळीवर ठेव.

मामा: आणि दोन्ही पडून राहिले तर?

भाची: तर साच्याचा खर्च माझ्या लेबलांतून काप.

मामा: साचा किती तुकड्यांचा करायचा ते आधी ठरव. उंदीर वेगळा काढशील तर जोडायचा सांधा कुठे लपवणार?

भाची: मोदकांच्या मागे.

मामा: तिथे बोट जात नाही. जा, शाडू भिजवायला घाल, आणि खडे नीट वेचून काढ.